पहिल्या ट्रॅक डेला बिग ब्रेक किट कशाला? आधी ब्रेक ऑईल बदला

घाटमाथा
आमच्या पुण्याच्या ग्रुपमधली चार पोरं पुढच्या महिन्यात पहिल्यांदा ट्रॅक डेला (आपली गाडी रेसच्या ट्रॅकवर चालवायचा दिवस) निघालीत, चेन्नईला, इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर. गाड्या रोज ऑफिसला नेतात त्याच, दोन पोलो जीटी, एक स्विफ्ट, एक आय२० एन लाइन. आणि त्यातल्या दोघांनी ट्रॅक बघायच्या आधीच बिग ब्रेक किटचं (मोठ्या डिस्क आणि मोठे कॅलिपर) कोटेशन मागवलंय, लाखाच्या घरातलं. माझं स्पष्ट मत आहे की हे पैसे चुकीच्या जागी चाललेत. पहिल्या दिवसासाठी दोनच गोष्टी करा, चांगलं हाय टेम्परेचर ब्रेक ऑईल आणि पुढचे चांगले पॅड (डिस्कला घासून गाडी थांबवतात ते). डिस्क (चाकासोबत फिरणारी चकती), कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग), मागचे ब्रेक सगळं कंपनीचंच राहू द्या.

हे कुठं वाचून सांगत नाहीये. दोन वर्षांपूर्वी त्याच ट्रॅकवर मी माझी पोलो घेऊन गेलो होतो. निघायच्या आधी सर्व्हिसिंग झालेलं, बिलावर 'ब्रेक चेक ओके' असं लिहिलेलं, पण आतलं ऑईल तीन पावसाळे जुनं होतं आणि ते बदलायला सांगायचं मला सुचलं नाही. पहिलं सेशन मस्त गेलं. दुसऱ्या सेशनच्या चौथ्या लॅपला स्ट्रेट संपता संपता पाय ठेवला तर पेडल मऊ लागलं, आणि मग ते तसंच खाली जात राहिलं, अगदी कार्पेटला टेकेपर्यंत. भराभर दोनतीनदा पंप केल्यावर थोडा ब्रेक लागला, तोवर कॉर्नर निघून गेलेला आणि मी मातीत. गाडीला ओरखडा नाही, मलाही काही झालं नाही, पण पॅडॉकमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करतात तिथे) येऊन बसलो तर पाणी प्यायला बाटलीचं झाकण उघडता येईना इतका हात थरथरत होता.

चाक काढून बघितलं तर पॅड अर्ध्याहून जास्त शिल्लक, डिस्क शाबूत. निपल (कॅलिपरवरचा ऑईल काढायचा स्क्रू) सैल केल्यावर नळीतून आधी बुडबुडे आले आणि मागून बिनदुधाच्या चहासारखं काळपट ऑईल. बिघाड एवढाच होता. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी शोषतं, बाटली बंद असली तरच ते कोरडं राहतं. डॉट ४ (ब्रेक ऑईलचा एक ग्रेड) नवं असताना निदान २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही, पण त्यात ३.७ टक्के पाणी शिरलं की हीच हद्द १५५ वर येते. उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि तुमचा पाय नुसती वाफ दाबत बसतो. मोतुलचं आरबीएफ ६०० घेतलंत तर नवं असताना ते ३१२ डिग्रीपर्यंत टिकतं. एवढा फरक एका बाटलीत मिळतोय आणि लोक लाल कॅलिपरच्या मागे लागलेत, याचा मला खरंच त्रास होतो.

लाल_कॅलिपर
दादा, अनुभव खरा आहे, निष्कर्ष अर्धा आहे. ऑईल उकळलं कारण कॅलिपर तापला, कॅलिपर तापला कारण डिस्क तापली, आणि डिस्क तापली कारण ती लहान आहे. तुम्ही आजाराच्या शेवटच्या टोकाला औषध लावताय.

साधा हिशोब मांडतो. पोलो आणि आत एक माणूस, धरा ११५० किलो. १६० वरून ६० वर यायचं तर जवळजवळ १० लाख ज्यूल उष्णता होते, म्हणजे तीन लिटर पाण्याला उकळी येईल एवढी, आणि ती चारपाच सेकंदात. शहरात ८० वरून ४० ला येताना याच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी होते. पुढच्या चाकांवर साधारण ७० टक्के धरा, म्हणजे एका डिस्कच्या वाट्याला साडेतीन लाख ज्यूल. डिस्क पाच किलोची असेल तर एका ब्रेकिंगला ती १५० डिग्रीने तापणार, आठ किलोची असेल तर ९५ च्या आसपास. लॅपमध्ये असे तीनचार कॉर्नर असतील तर मधे किती थंड होणार? मोठी डिस्क म्हणजे शो नाही, ती उष्णता मावायला जागा आहे. पोरं पैसे घालायला तयार आहेत तर त्यांना मागे का ओढायचं?

साधी_गाडी
मला तर दोघांचंही पटत नाही. नवं डॉट ४ भरा, बास, पॅडलाही हात लावू नका. पहिल्यांदा ट्रॅकवर जाणाऱ्या माणसाला ब्रेक कुठं मारायचा तेच माहीत नसतं, तो घाबरून दीडशे मीटर आधीपासून हलका हलका ब्रेक घासत येतो आणि त्यानेच सगळं तापतं. घाटात नवशिका ड्रायव्हर करतो तेच. खंबाटकी उतरताना गिअर टाकून इंजिनवर गाडी धरणारा ट्रकवाला निवांत खाली येतो आणि ब्रेकवर पाय ठेवून येणाऱ्याच्या चाकातून जळका वास येतो, ट्रक दोन्ही सारखेच. ट्रॅकवर उलटं करायचं, थोडा वेळ पण जोरात दाबायचं आणि सोडून द्यायचं. तीन लॅप जोरात, चौथा लॅप ब्रेक जवळपास न लावता, मग आत. एवढं केलं तर कंपनीचे पॅड पहिला दिवस काढतात.

आणि मुख्य मुद्दा कोणी बोलतच नाहीये. ही गाडी पुण्याहून अकराबाराशे किलोमीटर चालवत न्यायची आहे आणि त्याच ब्रेकवर परत आणायची आहे. कडक ट्रॅक पॅड थंड असताना नीट चावत नाहीत. पहाटे पाचला बेळगावच्या पुढे धुक्यात म्हैस आडवी आली तर तुमचा ३०० डिग्रीला कामाला येणारा पॅड काय कामाचा? शिवाय किट बसवणाऱ्यांनी आपली इन्शुरन्स पॉलिसी काढून वाचा. रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग त्यातून वगळलेलं असतं, आणि वर गाडीत कंपनीने न दिलेले ब्रेक असले तर रस्त्यावरच्या क्लेमलाही वाद घालायला त्यांना कारण मिळतं.

मुळशीची
साधी_गाडी, तुमचा घाटाचा मुद्दा शंभर टक्के मान्य, पण 'पॅडला हात लावू नका' हे लिहू नका प्लीज, कोणीतरी ऐकेल. मी दोन ट्रॅक केलेत. कोइंबतूरचा कारी जेमतेम २.१ किलोमीटरचा, तिथे माझ्या स्विफ्टचे कंपनीचे पॅड कसेबसे चालले. मग ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किटवर गेले, तो ५.१२५ किलोमीटरचा, मागची स्ट्रेट एक किलोमीटरच्या वर आणि तिच्या शेवटी चौथ्या कॉर्नरला एकदम खाली यायचं. तिसऱ्या लॅपला पेडल अगदी टणक, दगडासारखं, मी जवळजवळ सीटवरून उठून दाबतेय आणि गाडी कमी व्हायला तयार नाही. घाटमाथांचं पेडल खाली गेलं, माझं वर होतं आणि तरी ब्रेक नाही. हे दोन वेगळे आजार आहेत. मऊ पडलं तर ऑईल उकळलं, टणक राहून गाडी थांबत नसेल तर पॅड त्याच्या हद्दीबाहेर गेला. माझं ऑईल आठवड्यापूर्वी बदललेलं होतं, त्याने काही वाचलं नाही. आणि मी ब्रेक घासत नव्हते, शेजारी इन्स्ट्रक्टर बसले होते आणि ते स्वतः 'आत घ्या' म्हणाले.

पॅड म्हणजे एकतर घरचा नाहीतर रेसचा, असं काही नाही. फेरोडोचे डीएस२५०० किंवा ईबीसीचे यलोस्टफ यांच्यासारखे मधले पॅड असतात, थंड असताना पण थांबवतात. थोडे आवाज करतात, चाकं काळी करतात, ते चालवून घ्यायचं. मी आता तेच लावून रोज ताम्हिणीच्या बाजूला जाते, पावसात सुद्धा.

लाल_कॅलिपर
म्हणजे तुम्ही माझंच म्हणणं सांगताय, उष्णता जास्त झाली. मोठी डिस्क असती तर तोच पॅड टिकला असता.

मुळशीची
टिकला असता कदाचित. पण सहा हजारात जे सुटलं त्याला मी लाख घालणार नाही, आणि माझ्या १५ इंची चाकात ते किट बसतच नव्हतं. म्हणजे चाकं नवी, टायर नवे, मग ती जड चाकं ओढायची.

गॅरेज_सिन्नर
मी रोज हेच काम करतो म्हणून लिहितो. किटला माझा विरोध आहे पण कारण वेगळंय. मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर कॅलिपरकडे ऑईल ढकलतो तो) कंपनीने त्या कॅलिपरच्या पिस्टनच्या मापाने दिलेला असतो. चार मोठ्या पिस्टनचा कॅलिपर लावला आणि मास्टर तोच ठेवला तर ऑईल जास्त सरकवावं लागतं, पेडल लांब जातं, आणि गिऱ्हाईक येऊन म्हणतं नळीत एअर राहिली. एअर नसते राहिलेली. जुळवून बनवलेलं किट असतं, नाही असं नाही, पण जे स्वस्तात मिळतं ते बहुतेक दुसऱ्या गाडीचं उचललेलं असतं.

पॅडबद्दल मात्र ताईंशी सहमत, फक्त त्यात एक भर. पॅड जाड पाहिजे. अर्ध्याच्या खाली गेलेला पॅड ट्रॅकवर नेऊ नका मग तो कितीही भारी असो, कारण डिस्क आणि पिस्टनच्या मधे तोच एक आडोसा आहे, तो पातळ झाला की उष्णता सरळ पिस्टनमधून ऑईलमध्ये. पिस्टनवरचं रबर भाजून कडक झालेलं, हाताने दाबलं की चुरा होतो, असे कॅलिपर मी ट्रॅकहून आलेल्या गाड्यांचे उघडलेत, सगळ्यांचे पॅड पातळ होते.

दुसरं, नवे पॅड शुक्रवारी लावून शनिवारी ट्रॅकवर जाऊ नका. नव्या पॅडमधून पहिल्यांदा तापताना गॅस निघतो आणि तेवढा वेळ ब्रेक सुटल्यासारखा होतो. मोकळ्या रस्त्यावर पहाटे ९० वरून २० पर्यंत दहाएक वेळा आणायचं, पूर्ण थांबायचं नाही, मग पंधरा मिनिटं ब्रेक न लावता चालवून थंड करायचं. तापलेल्या डिस्कवर गाडी थांबवून ब्रेक धरून ठेवला की पॅडचा थर एकाच जागी चिकटतो आणि पेडल थडथडायला लागतं. लोक म्हणतात डिस्क वाकडी झाली. बहुतेक वेळा डिस्क सरळच असते.

आणि ज्यांच्या गाडीला मागे ड्रम आहेत त्यांनी ते विसरू नका. ड्रममधला लायनर ॲडजस्ट नसेल तर पेडलचा पहिला प्रवास तिथेच फुकट जातो.

साधी_गाडी
तुम्ही सांगताय ते मानतो, बुद्धसारख्या ट्रॅकला पॅड हवेत. पण पुढचे बदलून मागचे तेच ठेवल्यावर बॅलन्स बिघडत नाही का?

गॅरेज_सिन्नर
पुढे जातो बॅलन्स, त्याला भ्यायचं कारण नाही. पुढची चाकं आधी लॉक व्हायला लागली तर गाडी सरळ जाते आणि एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी सिस्टीम) सांभाळतं. मागे जास्त चावरा माल लावला तर गाडी गरगर फिरते. म्हणून नुसते मागचे बदलू नका, नुसते पुढचे बदलले तर चालतं.

घाटमाथा
मी पॅडचं ताईंसारखं इतकं रोखठोक लिहिलं नव्हतं, आता ते आधी धरतो. पण लाल_कॅलिपर, तुमच्या हिशोबात एक गोष्ट सुटलीय. मोठी डिस्क घेतलेला पोरगा तिसऱ्या लॅपऐवजी सहाव्या लॅपला त्याच तापमानाला पोचणार, कारण तो थांबणारच नाही. पहिल्या दिवशी त्याला पेडलमधला बदल ओळखता येणं जास्त महत्त्वाचं आहे.

लाल_कॅलिपर
ओळखायला शिकवा, मी कुठं नाही म्हणतोय. पण सहा लॅप सुरक्षित मिळणं हेही काहीतरी आहेच ना. सीझनला पाचसहा वेळा जाणाऱ्याने मोठी डिस्क घ्यावी या मतावर मी ठाम आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याने थांबावं, एवढं देतो.

निळी_पोलो
मी त्या चौघांतलाच एक. किट थांबवलंय, पॅड मागवलेत. ऑईल किती लागेल आणि पॅडॉकमध्ये करायचं काय ते सांगा कोणीतरी.

गॅरेज_सिन्नर
एक लिटर घे, सगळं जुनं निघून नवं स्वच्छ येईपर्यंत ढकलायचं म्हणजे तेवढं लागतंच, आणि चाकांचा क्रम मॅन्युअलमध्ये दिलाय तसाच. त्याच ऑईलची अजून एक सीलबंद बाटली, पारदर्शक नळी आणि निपलला बसणारा रिंग पाना डिकीत ठेव, उघडा पाना नको, तापलेला निपल त्याने गोल होतो. सेशन संपवून आलास की हँडब्रेक ओढायचा नाही. पहिल्या गिअरला टाक आणि मागच्या चाकाला वीट लाव. दुपारच्या सेशनच्या आधी इंजिन चालू ठेवून पेडल एकदा जोरात दाबून धर, सकाळपेक्षा खाली जातंय असं वाटलं तर लॅप मोजू नको, पुढचे दोन निपल उघड.