जाड गोल अक्षरं लेकरांपुरतीच का?

उदगीरकर :
परवा इथं कुणीतरी लिहिलं, ‘बालूसारखे गोलमटोल फॉन्ट म्हणजे लेकरांच्या वहीवरची अक्षरं, मराठवाड्यातल्या पाट्यांची त्यांनी वाट लावली.’ वाचून राहवेना. मी पाट्याच बनवतो. अक्षरं कापायच्या राउटर मशीनचं बिट गोल असतं, त्यामुळं ॲक्रिलिकमध्ये आतला कोपरा कधीच टोकदार निघत नाही, मग कानस घेऊन बसा. चिकटवायच्या व्हिनाइलची टोकं उन्हानं सगळ्यात आधी सुटतात. गोल अक्षराला यातलं काही नाही.
आणि हा बालू फॉन्ट बनवणाऱ्या ‘एक टाइप’नं मोफत दिलाय, लिपीगणिक भाऊ काढून : कन्नडचा तम्मा, तेलुगूचा तम्मुडू, गुरुमुखीचा पाजी, उर्दूचा भाईजान. देगलूरला मराठीखाली तेलुगू लागते, नांदेडला गुरुमुखी. सगळ्या ओळी एका वजनाच्या, म्हणजे सारख्याच जाडीच्या दिसतात. आपल्या सीमेवरच्या गावांना याहून चांगलं काय पाहिजे?

पेंटरचा पोरगा, परभणी :
तुम्ही कापायची सोय सांगायलेत, वाचायची नाही. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ या अक्षरात छापलेली बघितली का? ‘द्धा’चं पोट बुजून जातं. मोदक फॉन्टात तर पोटाच्या जागी दोऱ्याएवढी फट. माणूस गेलाय आणि अक्षरं बारशाची! वडील सपाट ब्रश तिरका धरून ‘श्र’ काढायचे, मोंढ्यात लोक थांबून बघायचे. फ्लेक्स आलं आणि काम गेलं. वर तुम्ही आम्हाला सोय शिकवा.

अक्षरवेडी, संभाजीनगर :
फ्लेक्सचं रडगाणं पुरे. खरं दुखणं ‘ल’ आणि ‘श’चं आहे. पाकळीचा ल, देठाचा श हे मराठी वळण वापरा असं शासनानं 2022 मध्ये पुन्हा सांगितलं, तरी लातूरच्या क्लासवाल्यांच्या फलकांवर ‘लातूर’ दंडाच्या हिंदी ल नं. स्वतःच्या गावाचं नाव!

उदगीरकर :
ताई, त्यात गोल अक्षराचा काय दोष? टोकदार फॉन्टातही तेच होतं.

डीटीपीवाला, बीड :
बऱ्याच फॉन्टांत मराठी ल-श आत असतात. मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडली तरच बाहेर येतात. हिंदीवर ठेवलं की हिंदीच येणार.

पेंटरचा पोरगा, परभणी :
म्हणजे चूक ऑपरेटरची. ब्रशला भाषा निवडावी लागत नव्हती.

डीटीपीवाला, बीड :
ऑपरेटरला शिव्या देणं सोपं आहे. गिऱ्हाईक रात्री येतं, सकाळी फलक चौकात पाहिजे, नाव चुकलं तर पैसे आमचे कापतात. एकदा माझ्याकडं बसून बघा, मग बोला.

अक्षरवेडी, संभाजीनगर :
घाई आहे म्हणून गावाचं नाव परक्या वळणात लिहायचं? मला पटत नाही, पटणारही नाही. भाषा एकदाच निवडायची असते.

डीटीपीवाला, बीड :
एकदाच? दर फाइल वेगळ्या मोबाइलवरून येते, कुठं कुठं बघू?

उदगीरकर :
मूळ मुद्द्यावर या. श्रद्धांजलीला जाड अक्षर मीही लावणार नाही, तेवढं घ्या. पण बालू 2 मध्ये पाच वजनं आहेत, साधं वजन घेतलं तर ‘द्धा’ मोकळा राहतो. जाड वजन रस्त्यावरून वाचायच्या पाटीला, चार शब्दांपुरतं. पत्ता आणि फोन नंबर त्यात कोंबला की मात्रा-रफार एकमेकांत घुसणारच.

पेंटरचा पोरगा, परभणी :
बसच्या खिडकीतून दुकानाचं नाव वाचता येतं, एवढं मान्य. त्यापुढं नाही.

अक्षरवेडी, संभाजीनगर :
आणि ल?

उदगीरकर :
दुकानातल्या मशीनवर आजच मराठी लावतो. पुढची पाटी निलंग्याची आहे, ल त्यातही आहे. लागली की फोटो टाकतो.