ग्लोबल गव्हर्नन्स अँड एथिक्स या विषयात पदव्युत्तर शिक्षण: जावे की न जावे?

फडातली

नमस्कार. मी राज्यशास्त्रात एम.ए. केले असून गेली तीन वर्षे ऊसतोड मजुरांसाठी काम करणाऱ्या बीडमधील एका छोट्या संस्थेत आहे. गेल्या हंगामात साखर विकत घेणाऱ्या एका परदेशी कंपनीच्या वतीने दोन जण पाहणीसाठी आले आणि दुभाषी म्हणून त्यांच्यासोबत फडात फिरण्याची वेळ माझ्यावर आली. त्यांच्या तक्त्यात 'मालक' असा एक रकाना होता. कारखाना म्हणाला की मजूर मुकादमाचे, मुकादम म्हणाला की मी फक्त उचल देऊन टोळी आणतो, आणि शेतकरी म्हणाला की टोळी तर कारखान्याने पाठवली. पुढे 'कामगारांची संख्या' या रकान्यापाशी पुन्हा अडले, कारण आमच्याकडे मोजतात ते कोयते, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. अखेर पहिला रकाना कोरा राहिला आणि दुसऱ्यात कोयत्यांचाच आकडा गेला. म्हणजे प्रत्येक जोडीतली बाई कागदावरून गळाली.

तेव्हापासून हा विषय शिकावा असे मनात आहे आणि युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन येथील याच नावाची एम.एस्सी. समोर आहे. हे शिक्षण तत्त्वज्ञानाचे आहे की कारभाराचे? परत आल्यावर त्याचा उपयोग होतो का? घरी 'जागतिक शासन' असे सांगितले, तर वडिलांनी विचारले, "त्याचे मंत्रालय कुठे असते?"

टॅव्हिस्टॉकचा बाक

वडिलांचा प्रश्न अगदी नेमका आहे. मंत्रालय नाही, म्हणूनच तर हा विषय आहे. मराठीत 'शासन' म्हटले की सरकार किंवा शिक्षा एवढेच डोळ्यांसमोर येते. येथे मात्र वर कोणी सरकार नसताना नियम कोण करते, ते कोणाला लागू होतात आणि मोडल्यास काय होते, याचा अभ्यास असतो. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत मोठ्या निर्णयांना ८५ टक्के मते लागतात आणि एकट्या अमेरिकेकडे १६ टक्क्यांहून थोडी अधिक मते आहेत. हा झाला कारभार. अशी रचना न्याय्य ठरू शकते का, आणि कोणत्या निकषावर, हे झाले नीतिशास्त्र. मी हाच अभ्यासक्रम केला आहे. दोन्ही अंगे तेथे आहेत, पण ती एकमेकांत मिसळण्याचे काम बहुतांशी विद्यार्थ्यालाच करावे लागते.

मला आजही आठवतो तो तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांच्या १९७२ सालच्या लेखावरचा तास. उथळ तळ्यात मूल बुडत असेल तर कपडे चिखलाने माखतील म्हणून आपण थांबत नाही. मग दूरचे माणूस भुकेने मरत असताना का थांबतो, असा त्यांचा युक्तिवाद आहे. लेखाची सुरुवात होते ती नोव्हेंबर १९७१ मधील पूर्व बंगालच्या, म्हणजे आजच्या बांगलादेशाच्या, दुर्दशेपासून. वर्गातील चर्चा ब्रिटनने किती द्यायला हवे होते यावरच फिरत राहिली. मला मात्र आजोबांच्या जुन्या पत्रांवरचे ५ पैशांचे निर्वासित साहाय्य तिकीट दिसत होते. तेथून जवळजवळ एक कोटी निर्वासित ज्या भारतात आले, त्या देशातला साधा शिक्षकही तेव्हा पत्रांवर ते जादा तिकीट चिकटवत होता, आणि लेखात तो देश येतो तो निर्वासितांना जगवावे की स्वतःचा विकास चालू ठेवावा या पेचात अडकलेला गरीब देश म्हणून. माझ्या प्रबंधाचे बीज त्या तासात पडले. आपल्याकडे तर रिकामा रकाना आधीच आहे. बहुतेक जण तेथे जाऊन प्रश्न शोधत बसतात.

(एम.एस्सी. म्हणजे विज्ञान, असा समज नातेवाइकांत होईल. तो मी दूर करायचा प्रयत्न सोडून दिला आहे.)

निवृत्त मास्तर

मी तीस वर्षे महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवले, म्हणून थोडा विरोधी सूर लावतो. वर्षभराचा अभ्यासक्रम म्हणजे प्रत्यक्षात दोन सत्रे आणि उन्हाळ्यातला प्रबंध. एवढ्यात माणूस वाचायला शिकतो, तज्ज्ञ होत नाही. ही पदवी म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या नोकरीचे तिकीट, या समजुतीने कर्ज काढून गेलेले माझे दोन विद्यार्थी आज वेगळ्याच क्षेत्रात आहेत.

बाबासाहेब लंडनला गेले आणि त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला, जो १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. रुपयाचा भाव कोणी आणि कोणाच्या सोयीसाठी ठरवायचा, हा आजच्या भाषेत ग्लोबल गव्हर्नन्सचाच प्रश्न होता, आणि पुढे चलनविषयक शाही आयोगापुढे त्यांनी साक्षही दिली. या विषयाची खरी कसोटी मला तेथे दिसते. आपला कोयत्याचा प्रश्न त्या जातीचा आहे, म्हणून माझा विरोध निम्मा समजावा. पण कर्ज काढून जाऊ नये, हे मात्र पूर्ण समजावे.

फडातली

दोघांचेही आभार. कर्ज काढणे शक्यच नाही, तेव्हा शिष्यवृत्तीशिवाय वाट नाही. एक शंका आहे: नीतिशास्त्राचे लोक 'मालक कोण' या प्रश्नाला हा तर कामगार कायद्याचा तपशील आहे असे म्हणून बाजूला सारतील का?

टॅव्हिस्टॉकचा बाक

काही जण सारतील. त्यांना एवढेच विचारावे की एकाच अन्यायात कारखाना, मुकादम, शेतकरी आणि सातासमुद्रापलीकडचा ग्राहक असे चौघे सामील असतील आणि चौघांपैकी कोणीही एकटा तो थांबवू शकत नसेल, तर जबाबदारी कशी वाटायची? या प्रश्नावर गेली कित्येक वर्षे तत्त्वज्ञ भांडत आहेत. त्यांच्याकडे सिद्धान्त भरपूर आहेत, पण एक कोयता म्हणजे दोन माणसे हे त्यांतल्या फार थोड्यांना माहीत असेल.

पैशांबाबत: ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीसाठी दोन वर्षांचा, म्हणजे २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो, जो आपल्याकडे आहे; शिक्षणानंतर किमान दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट असते, जी आपल्याला अडचणीची वाटणार नाही. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. इतर काही प्रवर्गांसाठीही राज्याच्या योजना आहेत. त्यांच्या अटी बदलत राहतात, म्हणून चालू वर्षाची जाहिरातच वाचावी. चेव्हनिंगचे अर्ज साधारण ऑगस्टमध्ये खुले होतात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला बंद होतात, म्हणजे टोळ्या गाव सोडायच्या आधी आपला अर्ज गेलेला असावा. त्या तक्त्याची प्रत आपल्याकडे असेल तर ती जपून ठेवावी.