ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची व्हॉल्व्ह बॉडी घरी खोलावी का? (मर्सिडीज ७२२.६)

जुनीगाडी (धागालेखक):
मर्सिडीजचा ७२२.६ हा पाच गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स १९९६ पासून वापरात आला. आपल्याकडे तो डब्ल्यू २१० आणि डब्ल्यू २११ या ई-क्लास गाड्यांत, तसेच महिंद्राने विकलेल्या ऑटोमॅटिक रेक्स्टनमध्येही आला. या गाड्या आता जुन्या झाल्या आहेत. गाडी दुसऱ्या गिअरमध्येच अडकून राहू लागली किंवा गिअर बदलताना धक्का बसू लागला, की बहुतेक ठिकाणी ‘गिअरबॉक्सच बदला’ असा सल्ला मिळतो आणि तो खर्च कित्येकदा गाडीच्या किमतीला जाऊन भिडतो.

माझे ठाम मत असे आहे की, अंगी शिस्त आणि समोर स्वच्छ टेबल असेल, तर या गिअरबॉक्सची व्हॉल्व्ह बॉडी (ऑइलचा दाब योग्य क्लचकडे वळवून गिअर बदलणारा भाग) घरी खोलून, धुऊन पुन्हा बसवता येते. गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही. ऑइल पॅन आणि फिल्टर काढून, तेरा पिनांचा कनेक्टर सोडवून टी-३० चे (चांदणीच्या आकाराच्या खाचेचे) बोल्ट काढले, की अख्खी बॉडी हातात येते. तिच्यावरच्या कंडक्टर प्लेटमध्ये (विजेची जोडणी असलेल्या पट्टीत) एन-२ आणि एन-३ हे वेगाचे सेन्सर असतात. त्यांपैकी एक जरी गेला, तरी कंट्रोल युनिट (गिअरबॉक्सचा संगणक) गाडीला मर्यादित गिअरवर आणून ठेवते. ही प्लेट पुष्कळ लोक घरी बदलतात. माझे म्हणणे त्याच्या पुढचे आहे: बॉडीचे दोन्ही भाग वेगळे करून आतले व्हॉल्व्ह, स्प्रिंगा आणि सोलेनॉइडपुढच्या (विजेवर चालणाऱ्या छोट्या व्हॉल्व्हपुढच्या) बारीक जाळ्या साफ करायलाही भिण्याचे कारण नाही.

कोल्हापूरचा मिस्त्री:
आपल्या मताचा आदर ठेवून विरोध नोंदवतो. प्लेट बदलणे आणि बॉडी खोलणे ही दोन कामे एका दावणीला बांधू नयेत. मधल्या पत्र्यापासून भाग सुटला, की ऑइलची वाट उघडबंद करणाऱ्या आतल्या गोळ्या घरंगळतात आणि कोणती गोळी कोणत्या खाचेतली होती, हे नंतर कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. स्प्रिंगांचे तसेच आहे: दिसायला जुळ्या, पण ताण निराळा. गिऱ्हाईक असे सुटे भाग डब्यात भरून घेऊन येते, तेव्हा त्या बॉडीवर पुन्हा भरवसा ठेवणे आम्हालाही जड जाते.

दुसरे म्हणजे, हे बोल्ट फक्त ८ न्यूटन-मीटरला आवळायचे असतात. चाकांच्या नटांसाठी घेतलेला टॉर्क पाना या मापाला निरुपयोगी आहे. अंदाजाने आवळले, तर बॉडी किंचित पिळवटते आणि टेबलावर मोकळा सरकणारा व्हॉल्व्ह गाडीत अडकतो. कॉटन वेस्टने पुसलेल्या बॉडीत राहिलेला एक धागाही तेवढाच घातक असतो.

दाब_आणि_प्रवाह:
माझी हरकत वेगळी आहे. गोळ्यांचे फोटो काढता येतात, लहान टॉर्क पाना विकत मिळतो. ही शिस्तीची गोष्ट झाली. खरा प्रश्न झिजेचा आहे. या बॉडीत शिफ्टचे तीन गट आहेत: पहिल्या-दुसऱ्या व चौथ्या-पाचव्या गिअरमधल्या बदलासाठी एक, दुसऱ्या-तिसऱ्यासाठी दुसरा आणि तिसऱ्या-चौथ्यासाठी तिसरा. प्रत्येक गटात ओव्हरलॅपचे नियमन करणारा व्हॉल्व्ह असतो. सुटणाऱ्या क्लचचा दाब उतरत असतानाच पकडणाऱ्या क्लचचा दाब चढला पाहिजे, हे त्याचे काम. ऑइलमधल्या धातूच्या भुकटीने ॲल्युमिनियमचे बोअर (व्हॉल्व्ह ज्यात सरकतो ती भोके) झिजले, की तिथून दाब गळतो, आणि ही झीज नुसत्या डोळ्यांना दिसेलच असे नाही.

घरी करतात ती चाचणी म्हणजे व्हॉल्व्ह ऑइलमध्ये बुडवून बोअरमध्ये ठेवायचा आणि बॉडी तिरकी केल्यावर तो स्वतःच्या वजनाने घसरतो का, हे बघायचे. त्यातून व्हॉल्व्ह अडकत नाही एवढेच कळते. झिजून सैल झालेला व्हॉल्व्ह तर अधिकच छान घसरतो! अशी बॉडी धुऊन बसवली, तर काही दिवस समाधान मिळेल, पण पकड सैल राहून क्लचच्या प्लेटा जळू लागतील आणि मग गिअरबॉक्स खरोखरच उतरवावा लागेल.

सांगलीकर:
गळती घरीही तपासता येते. एसी दुरुस्त करणाऱ्यांकडचा व्हॅक्यूम पंप, एक गेज आणि रबर लावलेली सपाट पट्टी पुरते. व्हॉल्व्ह जागेवर ठेवून त्या बोअरच्या खाचेवर पट्टी दाबली आणि निर्वात टिकला नाही, तर बोअर गेला असे समजावे.

जुनीगाडी:
सांगलीकरांची सूचना मला पटते, आणि ही चाचणी न करता खोललेली बॉडी परत बसवू नये, हेही मान्य करतो. मात्र मिस्त्रींना विचारावेसे वाटते की, जुनी बॉडी आणून बदली बसवून देणाऱ्या किती ठिकाणी ती निर्वात लावून तपासली जाते? घरी काम करणाऱ्याला गिऱ्हाइकाची घाई नसते. एका बोअरवर अख्खी संध्याकाळ घालवणे त्याला परवडते.

दाब_आणि_प्रवाह:
मग तपासणी घरी करावी, इथवर मी सोबत आहे. परंतु बोअर गेलेला निघाला, तर तो रीमरने (भोक अचूक मोठे करणाऱ्या हत्याराने) मोठा करून जाड व्हॉल्व्ह बसवायला लागणारी जिग (हत्यार नेमक्या जागी धरणारा साचा) आणि अचूकता घरच्या टेबलावर नसते. तिथे थांबून बॉडी बदलावी.

कोल्हापूरचा मिस्त्री:
तपासून बदली करणारी ठिकाणे थोडी आहेत, हे कबूल. तरीही खोलण्याआधी तेरा पिनांच्या कनेक्टरचे ओ-रिंग (गळती रोखणाऱ्या रबरी कड्या) आणि कंट्रोल युनिटचा प्लग उघडून पाहावा. ओ-रिंग गळत असतील, तर ऑइल वायरींच्या आतून चढत थेट युनिटपर्यंत पोहोचते आणि दोष विनाकारण व्हॉल्व्ह बॉडीवर येतो.

काम झाल्यावर ऑइलची पातळी ८० अंशांना, इंजिन चालू ठेवून, ‘पी’मध्ये मोजायची असते. पण तापमानाचा सेन्सर स्टार्टर-लॉकच्या (फक्त ‘पी’ किंवा ‘एन’मध्येच इंजिन सुरू होऊ देणाऱ्या) संपर्काशी एकाच सर्किटमध्ये जोडलेला असल्याने ‘पी’ आणि ‘एन’मध्ये स्कॅनरवर गिअरबॉक्सचे खरे तापमान मिळत नाही. ब्रेक दाबून ‘डी’मध्ये टाकावे, आकडा वाचावा आणि परत ‘पी’मध्ये येऊन मोजावे. हे ठाऊक नसलेल्याच्या गाडीत ऑइल कमी तरी राहते किंवा जास्त तरी होते, आणि त्याचा धक्का व्हॉल्व्ह बॉडीच्या दोषासारखाच जाणवतो.