सांगली : ११ महिन्यांचा भाडेकरार आधी सोडला तर एजंटला 'करार मोडणी फी' द्यावी लागते का?

विश्रामबाग_२बीएचके

नमस्कार. विश्रामबागेत फ्लॅट भाड्याने आहे. लिव्ह अँड लायसन्स करार १ जून ते ३० एप्रिल, अंगठे घेऊन ऑनलाइन नोंदवलेला. भाडे १२,०००, डिपॉझिट ३६,०००. लॉक-इन, म्हणजे जागा सोडता न येणारा काळ, सहा महिने; त्यानंतर दोघांपैकी कुणीही एक महिन्याची लेखी नोटीस देऊन करार संपवू शकतो असे कलम आहे. नाशिकला बदली झाल्याने ३१ जानेवारीला जागा सोडायची आहे. आज १८ डिसेंबर.

जूनमध्ये एजंटला एक महिन्याचे भाडे दलाली म्हणून दिले होते. आता तो तीन गोष्टी मागतो: करार मोडल्याबद्दल १२,०००, करार रद्द करायच्या नोंदणीसाठी ३,५००, आणि नवा भाडेकरू मिळाल्यावरच डिपॉझिट परत. मालक पुण्यात असतात, त्यांचे म्हणणे 'एजंटशीच बोला'. यातले नक्की काय देणे लागते?

दस्तवाला_मिरज

तुम्ही सांगितलेली कलमे तशीच असतील तर तिन्हीपैकी काहीच लागत नाही. तरी कराराची पीडीएफ उघडून एकदा पाहा. त्यात पक्षकार दोनच असतात, लायसन्सर म्हणजे मालक आणि लायसन्सी म्हणजे तुम्ही. एजंट फार तर ओळख पटवणारा किंवा साक्षीदार असतो. त्याचे आणि तुमचे नाते दलालीपुरते होते. जागा मिळवून दिली, करार झाला, त्याने पैसे घेतले, ते काम जूनमध्येच संपले. 'मुदतीआधी सोडल्यास इतकी फी' अशा वेगळ्या कागदावर तुमची सही असेल तरच पुढे बोलणे. म्हणून त्याला आधी एवढेच लिहून विचारा : ही फी कोणत्या कागदाच्या कोणत्या कलमानुसार? उत्तर लेखीच मागा.

रद्द नोंदणीचे ३,५०० तर अजिबात पटत नाहीत. नोटीस देऊन संपवायची सोय करारातच आहे, त्यामुळे वेगळ्या रद्दपत्राचा दस्त नोंदवायची गरज नाही. दोघांच्या सहीचे साधे पत्र पुरते. तुलनेसाठी हिशेब पाहा. भाडेकराराचे मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटच्या वार्षिक १० टक्के व्याजावर ०.२५ टक्के लागते. तुमचे भाडे १,३२,०००, व्याज ३,३००, मिळून १,३५,३००, म्हणजे शुल्क ३३८ रुपयांच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००, वर दस्त हाताळणीचे किरकोळ. नवा करार नोंदवायलाच जिथे सरकारी खर्च एवढा, तिथे जुना संपवायचे साडेतीन हजार कशाचे?

आता नोटीस. बहुतेकांचे इथेच बिघडते, कारण ती एजंटला फोनवर दिली जाते. तो मालकाला सांगत नाही किंवा उशिरा सांगतो, आणि जायच्या वेळी 'नोटीस मिळालीच नाही, अजून एक महिन्याचे भाडे द्या' सुरू होते. नोटीस मालकाच्या नावाने, करारात लिहिलेल्या त्यांच्या पत्त्यावर, स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा. त्याच दिवशी तिचा फोटो मालकांच्या व्हॉट्सॲपवर आणि ईमेलवर टाका. ३१ जानेवारीला सोडायचे तर ती ३१ डिसेंबरच्या आत हातात पडायला हवी. उद्याच टाका. मजकूर इतका पुरे :

'दि. १ जून रोजी सुरू झालेल्या नोंदणीकृत करारातील नोटीस कलमानुसार मी ३१ जानेवारी रोजी जागा रिकामी करून ताबा देत आहे. त्या दिवशी ताबा घेऊन डिपॉझिट रु. ३६,००० माझ्या खात्यावर परत करावे.' खाली दस्त क्रमांक, जागेचा पूर्ण पत्ता, सही.

कुपवाड_मालकबाजू

वरचे बरोबर आहे, फक्त लॉक-इनचा भेद नीट समजून घ्या. नोव्हेंबरअखेर तुमचे लॉक-इन संपले म्हणून तुम्ही मोकळे आहात. ऑनलाइन नोंदणीच्या नेहमीच्या मसुद्यात लॉक-इनमध्ये सोडल्यास उरलेल्या लॉक-इनचे भाडे मालकाला द्यायचे, असे कलम असते. हेही मालकाला, एजंटला नाही. आणि तिथेही भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम ७४ आहे. करारात रक्कम लिहिली म्हणून ती सगळी आपोआप मिळत नाही. ती वरची मर्यादा, तिच्या आत वाजवी भरपाई. जागा पंधरा दिवसांत पुन्हा भाड्याने गेली तर मालकाने चार महिन्यांचे भाडे मागणे न्यायाला धरून नाही.

मालकाची बाजूही सांगतो. लॉक-इनमध्ये भाडेकरू गेला तर नव्यासाठी मालकाला पुन्हा दलाली पडते, तो खरा तोटा असतो आणि त्यावर बोलणी होऊ शकतात. लॉक-इननंतर पूर्ण नोटीस दिल्यावर तो खर्च मालकाच्या धंद्याचा भाग. तुमच्या माथी मारता येत नाही.

विश्रामबाग_२बीएचके

आभारी आहे. एजंटच्या फीचा वेगळा कागद नाही. पण दोन अडचणी आहेत. डिपॉझिटमधले १२,००० एजंटच्या खात्यावर यूपीआयने गेले होते, मालकांच्या नाही. आणि एजंट सुचवतो की जानेवारीचे भाडे देऊ नका, डिपॉझिटमधून वळते करू.

दस्तवाला_मिरज

भाडे वळते करू नका. मालकाची लेखी संमती नसेल तर ती थकबाकी ठरते आणि थकबाकीचे कलम तुमच्यावर उलटते. जानेवारीचे १२,००० ठरल्या तारखेला मालकाच्याच खात्यावर टाका, शेऱ्यात 'जानेवारी भाडे' लिहा.

एजंटकडच्या १२,००० साठी करारातले डिपॉझिटचे कलम वाचा. तिथे '३६,००० मिळाले' असे लिहून मालकाचा अंगठा असेल तर पूर्ण रक्कम परत करायची जबाबदारी मालकाची. पैसे कुणाच्या खात्यातून फिरले हा त्या दोघांचा हिशेब. यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि बँक उतारा आत्ताच डाउनलोड करून ठेवा, आणि नोटिशीत 'पैकी १२,००० आपल्या एजंटमार्फत' हे शब्द घाला. म्हणजे 'एजंटशीच बोला' हा दरवाजा बंद होतो.

चावी_आणि_मीटर

ताब्याच्या दिवसाचे सांगतो, कपात तिथेच वाढवतात. महावितरणच्या मीटरचा फोटो रीडिंग आणि मीटर क्रमांक दिसेल असा काढा. शेवटचे बिल तुम्ही गेल्यावर येते, म्हणून युनिट मोजून अंदाजे रक्कम त्याच दिवशी ठरवा, नाहीतर 'बिल येईपर्यंत डिपॉझिट थांबवतो' होते. सोसायटीचा मेंटेनन्स कुणाकडे ते करारात पाहा. खोलीनिहाय व्हिडिओ घ्या : गीझर चालू करून, नळ सोडून, फ्लश ओढून, कपाटांची दारे उघडून. किती चाव्या दिल्या तो आकडा ताबा पावतीत लिहा.

रंगाचे पैसे मागतील असे धरून चला. वापराने मळलेली भिंत ही नेहमीची झीज, तिचे पैसे लागत नाहीत. खिळ्यांची मोठी भोके, फुटलेली टाइल, मोडलेली कडी याचे लागतात, तेही दुरुस्तीच्या बिलाप्रमाणे. करारात रंगाची ठरावीक रक्कम लिहिली असेल तर मात्र ती द्यावी लागेल. शेवटची चावी डिपॉझिट खात्यावर दिसल्यावरच द्या. मालक येत नसतील तर ताबा कोण घेणार हे त्यांच्याकडून व्हॉट्सॲपवर नावासकट लिहून घ्या. त्याआधी एजंटला चावी देणे म्हणजे ताबा देणे नव्हे.

कुपवाड_मालकबाजू

तरी अडवले तर दोन वाटा, त्या मिसळू नका. एजंटविरुद्ध ग्राहक तक्रार, कारण त्याने पैसे घेऊन सेवा दिली. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर फोन, मग जिल्हा ग्राहक आयोग. मोबदला पाच लाखांच्या आत असेल तर तक्रारीला फी नाही, मुदत दोन वर्षे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार राहत्या ठिकाणीही दाखल करता येते, म्हणजे नाशिकहून सांगलीला खेपा नकोत. मालकाकडच्या डिपॉझिटचा वाद दिवाणी. त्यासाठी दाव्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करून दाखलपूर्व प्रकरण लोकअदालतीत ठेवायला सांगा. महारेराकडे, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्य प्राधिकरणाकडे, जाऊ नका, तिथले एजंट नियम प्रकल्पातल्या विक्रीचे आहेत, भाड्याचे नाहीत.

इतर वाचणाऱ्यांसाठी : सांगली-साताऱ्यात अजून कितीतरी करार स्टॅम्प पेपरवर नुसते नोटरी केलेले असतात. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, आणि नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, उलट सिद्ध होईपर्यंत. तुमचा करार असा असेल तर एजंटशी बोलताना हे कलम आधी पुढे ठेवा.