आमच्याकडचं जस्ट इन टाईम म्हणजे त्यांच्या दारात आपलं गोडाऊन

शिरोली_शिफ्ट
राम राम मंडळी. चौदा वर्षं झाली शिरोली एमआयडीसीत मशीन शॉपला, आधी सेटर होतो, आता प्लॅनिंग बघतोय, म्हणजे दोन्हीकडच्या शिव्या खाऊन झाल्यात. काल परत कस्टमरकडनं ट्रेनिंगवाले आले, स्लाईडी दाखवल्या, टोयोटाचं जस्ट इन टाईम म्हणजे लागेल तेव्हा लागेल तेवढाच माल, ते बसवणारे ओहनो साहेब, सात प्रकारची वेस्ट, सगळं पाठ झालंय आता. शेवटी म्हणाले बघा आमच्या लाईनला फक्त दोन तासांचा स्टॉक असतो. मी गप्प बसलो कारण शेजारी मालक होते, पण इथं बोलतो. अहो तुमच्या लाईनला दोन तासांचा असतो कारण तुमच्या गेटापासनं हाकेच्या अंतरावर भाड्याच्या गोडाऊनला आमचा अकरा दिवसांचा पडून असतो, भाडं आमचं, इन्शुरन्स आमचा, आणि बिल कधी धरायचं तर तुम्ही बिन (मालाचा खोका) उचलला की. हे जस्ट इन टाईम असेल तर मग दुकानदाराकडं उधारीवर किराणा ठेवणारी आमची आजी ओहनोची गुरू.

दुसरं म्हणजे कानबान. जपानीत कानबान म्हणजे साधी पाटी, कार्ड परत आलं की तेवढाच माल करायचा. दोन वर्षांमागं आम्हीपण कार्डं लॅमिनेट करून आणली, लाल पिवळी हिरवी. महिनाभर झकास चाललं. मग एक दिवस वरनं फोन, आज दोनशे जास्तीचे सोडा, कार्डाचं नंतर बघू. ते नंतर काय आलं नाही. परवा बघितलं तर एक हिरवं कार्ड वजनकाट्याच्या पायाखाली घालून काटा लेव्हल केलाय कुणीतरी.

आणि तिसरं, ज्यासाठी हे सगळं लिहितोय. गेल्या महिन्यात नाईटला आमच्या एका पोराला दोन वाजता शंका आली, बोअरमध्ये (भोकात) प्लग गेजची नो-गो बाजू, म्हणजे जी शिरायलाच नको ती, जराशी शिरायला लागली होती. त्यानं मशीन थांबवलं नाही. सहापर्यंत चालवलं. सकाळी नव्वद जॉब स्क्रॅप. मी विचारलं बाबा का नाही थांबवलंस, तर म्हणाला मागच्या खेपेला चाळीस मिनिटं थांबवलं तेव्हा सगळ्यांसमोर माझी आई-बहीण काढली, इन्सर्ट (कापणारी टीप) बदलायला विचारायला कुणी नव्हतं तरी. मी काय बोलणार ह्यावर.

माझं म्हणणं एवढंच, रात्री दोन वाजता त्या पोराला मशीन बंद करायची मुभा नसेल तर फरशीवर पिवळे पट्टे मारून काही होत नाही. पटतंय का बघा.

रिकामा_बिन
नाही पटत. रागावू नका दादा, पण आपल्याकडं पद्धत फसली की माणसाचं रडगाणं सुरू होतं. मी गोकुळ शिरगावला फाउंड्रीत आहे, आमच्याकडं लीन, म्हणजे ही टोयोटाची पद्धत, चाललंय आणि ते काही सगळे संत आहेत म्हणून नाही. पॅटर्न (साचा पाडायचा नमुना) बदलायला आमच्या मोल्डिंग लाईनला पाऊण तास जायचा. म्हणून काय व्हायचं, एकदा पॅटर्न चढवला की चार दिवसांचे मोल्ड मारून ठेवायचे, कास्टिंगचे ढीग, कास्टिंग घासून साफ करणारा फेटलिंगवाला त्यात हरवलेला, आणि ब्लोहोल (आत हवेचं भोक) आहे हे कळायचं मशीन शॉपला गेल्यावर, म्हणजे तुमच्याकडं, तोवर इकडं हजार पीस तसेच ओतून झालेले. आम्ही काय केलं, बोल्ट काढून क्लॅम्प लावले, पुढचा पॅटर्न साफ करून ट्रॉलीवर आधीच तयार, पाने शोधायला जायला नको म्हणून ट्रॉलीलाच अडकवलेले. सतरा मिनिटांवर आलो. पैसा जवळपास शून्य. आता रोज दोन-तीन पॅटर्न बदलतो, बॅच बारकी, ब्लोहोल आला तर त्याच पाळीत कळतो.

जपानी इंजिनिअर शिंगो साहेबांनी टोयोटात हजार टनी प्रेसची डाय बदलायचं काम चार तासांवरनं तीन मिनिटांवर आणलं ते काय भावनेवर आणलं का? चेंजओव्हर कमी केल्याशिवाय बॅच कमी होत नाही आणि बॅच कमी केल्याशिवाय जस्ट इन टाईम हे नुसतं टेम्पोवाल्याला दमवणं आहे. तुमच्या त्या पोराचंपण तेच, तासाला गेज करून शीटवर मांडायची पद्धत कडक असती तर बोअर सरकतोय हे बारा वाजताच दिसलं असतं.

शिरोली_शिफ्ट
शीट होती की. सहाच्या सहा तासांचे आकडे एकदम भरलेले होते, एकाच पेनानं, एकाच दमात. आता बोला.

आणि एक सांगा, ती क्लॅम्पची आयडिया कुणाची?

रिकामा_बिन
हेल्परची. बरं, ठीक आहे. पण ती बघून लागू केली, ड्रॉइंग काढलं, दुसऱ्या लाईनला नेलं ते पद्धतीनं. नुसत्या आयडिया कोल्हापुरात काय कमी आहेत का, उद्यमनगरात जावा, एकेका लेथवर एकेक शास्त्रज्ञ उभा आहे. पण एकाचं दुसऱ्याला माहीत नसतं.

पंचगंगाकाठ
तुम्ही दोघंही पावसाळा विसरलाय. 2019 च्या ऑगस्टात शिरोलीजवळ हायवेवर पाणी, पुणे-बेंगळुरू रस्ता दिवसच्या दिवस बंद, 2021 च्या जुलैत परत तेच. मी डिस्पॅचला होतो. माल तयार, चलन तयार, गाडी लोड, आणि ड्रायव्हर कॅबिनमध्ये झोपलेला कारण जायचं कुठनं. कस्टमरचा फोन दर अर्ध्या तासाला, लाईन स्टॉप होईल, डेबिट नोट पाठवू, म्हणजे बिलातनं पैसे कापू. अरे पाठव बाबा, पोस्टमन तरी कसा येणार. तेव्हा आम्हाला वाचवलं ते त्याच गोडाऊनच्या स्टॉकनं ज्याला शिरोलीवाले शिव्या घालाय लागलेत. स्टॉक म्हणजे पाप नाही. जपानात रस्ते बरे असतील.

रिकामा_बिन
जपानात भूकंप आहेत साहेब, आणि आगपण लागते. 1 फेब्रुवारी 1997 ला आयसिन कंपनीच्या कारियाच्या प्लांटला आग लागली. ब्रेकमधला एक बारकासा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह, टोयोटाचे जवळपास सगळे तिथनंच यायचे, स्टॉक जेमतेम. दोन-चार दिवसांत टोयोटाचे बहुतेक सगळे प्लांट बंद. आणि साधारण आठवड्याभरात परत चालू! आयसिनची स्पेशल मशीनं जळालेली, म्हणून साठावर कंपन्यांनी आपापल्या साध्या मशीनवर ते व्हॉल्व्ह काढले, शिलाई मशीन करणाऱ्या ब्रदर कंपनीनंसुद्धा. तर स्टॉक नव्हता म्हणून मेले नाहीत ते.

आणि टोयोटा काय स्टॉकचा कट्टर दुष्मन नाही. 2011 च्या भूकंपानंतर त्यांनी कुठला पार्ट अडकला तर किती दिवस जातील ह्याचा हिशोब लावला आणि चिपांचा दोन ते सहा महिन्यांचा साठा सप्लायरकडं ठेवायला लावला. 2021 ला चिपांची बोंब उठली तेव्हा बाकीच्यांना बसला तसा लगेच त्यांना नाही बसला फटका. जिथं लागतो तिथं ठेवा, पण मोजून ठेवा. अकरा दिवस का? कुणी काढला तो आकडा? पावसाळ्यात पंधरा आणि उन्हाळ्यात तीन का नाही?

शिरोली_शिफ्ट
अकरा कुणी काढला ते मलापण माहीत नाही, करारात आहे. पण तुमच्याच गोष्टीतनं माझा मुद्दा निघतो हो. साठ कंपन्या रात्रंदिवस का राबल्या? कुणी कार्ड पाठवलं म्हणून? आधी रेट काय ते ठरवा मग बघू असं म्हणत बसले असते तर? आपल्याकडं उद्या माझ्या शॉपला आग लागली तर शेजारचा पहिल्यांदा माझ्या कस्टमरला कोटेशन पाठवेल. मीपण पाठवेन खोटं कशाला बोलू.

तिसरी_पाळी
मी ऑपरेटर हाय. तुमी सगळे शिकल्याली माणसं लई भारी बोलालाय. आमच्याकडं फाईव्ह एस, जागा नीटनेटकी ठेवायची पद्धत, आलं म्हंजे काय झालं, झाडू मारायचा हेल्पर काढला आणि शिफ्ट संपताना धा मिनिटं आमी झाडाय लागलो. मग काइझन आलं, कामात थोडी थोडी सुधारणा सुचवायची. मी जॉब पकडायच्या फिक्स्चरला एक स्टॉपर लावून दावला, जॉब लोड कराय आठ सेकंद वाचली, फोटो काढला, सर्टिफिकेट दिलं, डबा दिला स्टीलचा. फुडच्या महिन्यात टार्गेट वाढलं आणि शेजारच्या मशीनवरचा माणूस काढून ती बी मलाच दिली. तो माझ्या गावचा हुता. आता मला अजून दोन गोष्टी सुचल्यात, सांगणार न्हाई. डबा घरात हाय, त्यात चटणी ठेवतोय.

शिरोली_शिफ्ट
ह्याला काय उत्तर देणार बिन साहेब?

रिकामा_बिन
उत्तर नाही, लाज आहे. पण ह्याला लीन म्हणत नाहीत, ह्याला लीनच्या नावानं माणूस कापणं म्हणतात. टोयोटानंपण 1950 ला दीड हजारावर माणसं कमी केली, संप झाला, आणि किइचिरो टोयोडांनी स्वतः अध्यक्षपद सोडलं. त्यानंतर युनियनशी जे जमवलं त्यात नोकरी टिकवायची हमी आली. कामगार सुचवायला लागले ते त्यानंतर. एवढं मान्य.

तिसरी_पाळी
मंजे आधी मालकानं खुर्ची सोडली. आमच्यात डबा दित्यात.

धोटा_आणि_कांडी
इचलकरंजीहून. सगळे मोटारीचं बोलाय लागलेत, मूळ आमच्या धंद्यात आहे हे कुणी सांगतंय का. टोयोटा आधी मागवाले. साकिचि टोयोडांचा 1924 चा ऑटोमॅटिक माग, ताण्याचा एक उभा धागा तुटला तरी माग आपोआप थांबायचा आणि आडवा धागा नेणारा धोटा बदलायला थांबावं लागायचं नाही. 1929 ला त्याचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सला दिले, आणि त्यांच्या पोरानं, म्हणजे वर आलेल्या किइचिरोंनी, मोटारीचा नाद धरला. थांबणं हीच त्यांची मूळ अक्कल, जपानीत जिदोका म्हणतात.

आमच्याकडच्या साध्या मागावर बाणा, म्हणजे आडवा धागा, तुटला तर माग थांबतो, ताणा तुटला तर बऱ्याच ठिकाणी माणसाच्या डोळ्यावरच, आणि कामगाराला पगार मीटरवर. मग तो काय करणार, चार-सहा माग एकटा बघतोय, एक तुटलेला धागा दिसला तर थांबवेल का तसंच पुढं काढेल? थांबवलं तर पगार कमी. कापड तपासणीला गेल्यावर डागी निघतं आणि परत त्याच्याच पगारातनं कपात. शिरोलीवाल्यांच्या पोराचं आणि ह्याचं एकच दुखणं आहे, फरक एवढाच की आमच्याकडं शिवी द्यायला सुपरवायझर लागत नाही, मीटरच शिवी देतो.

पंचगंगाकाठ
हे भारी बोललात. पण मग मीटरवर पगार बंद केला तर माग चालणार का? खरं सांगा.

धोटा_आणि_कांडी
माझे बारा माग आहेत. एका वर्षी पाळीवर पगार देऊन बघितला. उत्पादन पडलं, डागीपण कमी झालं, हिशोब बरोबरीत आला. मग दिवाळीच्या तोंडावर सूत चढलं, मी घाबरून परत मीटरवर आलो. पद्धत वाईट नव्हती, मला धीर नव्हता.

चलन_वही
मी अकाऊंट्सला आहे, दोन कारखान्यांची वही बघते. तुम्ही सगळे पुरुष मंडळी माल वेळेवर कसा जाईल ह्यावर भांडताय, पैसा वेळेवर येतो का ते कुणी विचारलंच नाही. माल दोन तास उशिरा गेला तर डेबिट नोट, पेमेंट दोन महिने उशिरा आलं तर काय? 2006 च्या एमएसएमई (छोट्या उद्योगांच्या) कायद्यात लिहिलंय, करार असला तरी 45 दिवसांच्या वर जाता येत नाही. आता इन्कम टॅक्सलापण नियम आलाय, 1 एप्रिल 2024 पासनं, सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल मुदतीत दिलं नाही तर त्या वर्षी खर्च धरता येत नाही. मार्चमध्ये फोन फिरायला लागतात आता, एरवी साहेब मीटिंगमध्ये.

आणि शिरोलीवाल्यांच्या गोडाऊनची गंमत म्हणजे बिन उचलेपर्यंत बिलच नाही, म्हणजे 45 दिवस मोजायचे तेपण अकरा दिवसांनंतर. ते अकरा दिवस बँकेच्या कॅश क्रेडिटचं व्याज कोण भरतंय? साखर कारखान्याच्या यार्डात रात्रभर ट्रॅक्टर लाईनला उभे असतात बघा, गव्हाण (ऊस टाकायची जागा) एक मिनिट रिकामी राहू नये म्हणून. कारखान्याच्या दृष्टीनं ऊस अगदी वेळेवर. वाळतोय कुणाचा? वजन घटतंय कुणाचं?

रिकामा_बिन
ताई तो यार्डाचा दाखला जबरदस्त आहे. पण बघा, तोडणीचा प्रोग्राम नीट पाळला, गाड्या तासावारी बोलवल्या, तर ती लाईनच लागणार नाही. म्हणजे परत पद्धतच.

चलन_वही
प्रोग्राम असतोच हो कागदावर. मध्येच कुणाचातरी पाहुणा संचालक निघतो आणि त्याची तोड आधी येते.

रिकामा_बिन
😀 इथं हरलो.

पण शिरोलीकर, एक तरी गोष्ट मान्य करा. अमेरिकेत फ्रीमॉन्टला जनरल मोटर्सचा प्लांट 1982 ला बंद पडला, कामगार बेशिस्त म्हणून बदनाम. 1984 ला टोयोटाबरोबर भागीदारीत तोच प्लांट चालू केला, बहुतेक तेच जुने कामगार, दोरी ओढून लाईन थांबवायची मुभा दिली, क्वालिटी कुठल्या कुठं सुधारली. माणसं तीच, पद्धत बदलली.

शिरोली_शिफ्ट
अहो दोरी ओढायची मुभा दिली हेच तर मी पहिल्यापासनं म्हणतोय! तुम्ही त्याला पद्धत म्हणता, मी माणसावर भरवसा म्हणतो. आणि जनरल मोटर्सनं तीच दोरी आपल्या दुसऱ्या प्लांटला नेली तर जमलं नाही तेपण सांगा की. दोरी तीच होती.

पंचगंगाकाठ
आणि तो फ्रीमॉन्टचा प्लांटपण 2010 ला बंदच झाला. आता तिथं टेस्ला आहे. मी आपलं सांगितलं.

रिकामा_बिन
तुम्ही प्रत्येक ठिकाणी पाणी सोडताय.

असो. शिरोलीकर, भांडण पुरे, सोमवारी आमच्याकडं या, ट्रॉली आणि क्लॅम्प दाखवतो, फोटो काढायचे तर काढा. तुमच्या व्हीएमसी मिलिंग मशीनच्या फिक्स्चरला पण चालेल ते.

शिरोली_शिफ्ट
येतो. दहानंतर, टेम्पो भरून दिला की.

तिसरी_पाळी
प्लॅनिंगवाला जाऊन काय बघणार. त्या नाईटच्या पोराला घिऊन जावा, पाना त्याच्या हातात असतोय.

शिरोली_शिफ्ट
त्याची सोमवारी सुट्टी आहे. विचारतो, पण सुट्टीचा दिवस भरून द्यावा लागेल, ते मालकांना आज सांगून ठेवतो.