अनुभव धागा: ट्रेलर, कुत्री आणि उन्हाळ्यातला लांबचा प्रवास

रानवाट

येत्या उन्हाळ्यात गाडीमागे राहायचा ट्रेलर (चाकांवरचं छोटं घरच) जोडून महिनाभर तरी भटकायचा बेत आहे. बरोबर दोन कुत्री. एक तरणाबांड आणि अंगात वारं शिरलेला, दुसरी म्हातारी, मागच्या पायांनी अधू. सामानाच्या याद्या ढिगाने सापडतात, त्या नकोत. दिवस कसा आखता, कुत्र्यांना कुठे ठेवता, कुठे घोळ होतो, ते लिहा. कितीही लांबण लावलीत तरी वाचेन. सगळं अगदी मस्त झालं असं लिहिणाऱ्यांवर मात्र विश्वास ठेवणार नाही. :)

मागचंचाक

कुत्र्यांवर बाकीचे लिहितीलच, मी ट्रेलर ओढण्याबद्दल लिहितो. आम्ही दोन कुटुंबं दोन ट्रेलर घेऊन निघालो होतो. मेव्हणा पुढे, मी मागे. एका लांब उतारावर एक मोठा ट्रक त्याला ओलांडून गेला आणि त्याचा ट्रेलर डावी-उजवीकडे झुलायला लागला. आधी हातभर, मग जवळजवळ अर्धी लेन. मागून बघताना माझ्याच तळहाताला घाम फुटला. मेव्हण्याने पायातला ब्रेक दाबला नाही, स्टिअरिंग सरळ धरून नुसता अ‍ॅक्सिलरेटर सोडला आणि ट्रेलरचे ब्रेक हाताने हळूहळू लावले. निभावलं.

कारण मुक्कामावर कळलं. त्याच्या ट्रेलरची पाण्याची टाकी चाकांच्या मागे आहे. दीडशे लिटर पाणी म्हणजे दीडशे किलो, आणि तेही शेपटाकडे. त्यामुळे हिचवर, म्हणजे गाडीला ट्रेलर जोडतो त्या आकड्यावर, पडणारा भार कमी होतो आणि ट्रेलर झुलायला मोकळा होतो. मोठ्या प्रवासी ट्रेलरला एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार हिचवर असावा असा ठोकताळा आहे. छोट्या कॅरावॅनचे आकडे वेगळे असतात, पुस्तिकेत बघा. आणि रानवाट, तुमच्यासाठी खास: हिचवरचा हा भारही गाडीच्या वहनक्षमतेत धरायचा असतो. त्यात माणसं, कुत्री, त्यांचं खाणं, पिंजरे. तीस-तीस किलोची दोन कुत्री म्हणजे एक मोठा माणूसच. सगळं लादून एकदा वजनकाट्यावर जाऊन या, अंदाजपंचे नको.

टायरचंही तेच. ट्रेलरचे टायर झिजायच्या आधी म्हातारे होतात, कारण वर्षातला बराच काळ ते एका जागी उन्हात उभे असतात. बाजूवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचा. 2319 म्हणजे 2019 च्या 23 व्या आठवड्यातला टायर. नक्षी कितीही खोल दिसू दे, पाच-सहा वर्षं झाली की मी बदलतो. चाक काढून घातलं असेल तर पहिल्या 80-100 किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून बघतो.

दोनशेपट्या

आमचा सगळा दिवस ऊन ठरवतं. उजाडायच्या आत ट्रेलर जोडून तयार, चार-पाच तास चालवायचं, दुपारच्या आत मुक्काम. आधी ट्रेलर सपाट करून चाकांना ठोकळे, मग सावलीचा पडदा, मग कुत्री खाली. हा क्रम कधी बदलत नाही, कारण ट्रेलर मागे घेत असताना पायात कुत्रं आलं तर आरशात दिसतही नाही.

पेट्रोल भरायला थांबलं तरी दोघांपैकी एक जण गाडीत, एसी चालू. बाहेर 24 अंश असताना बंद गाडीत दहा मिनिटांत साधारण 34 होतात आणि अर्ध्या तासात 43. काच चार बोटं खाली ठेवून फारसा फरक पडत नाही. "सावलीतच तर लावलीय" हे मी ऐकूनही घेत नाही, सावली सरकते.

आमच्या बॉक्सर जातीच्या कुत्र्याला एकदा ऊन बाधलं होतं, आणि तेही गाडीत नव्हे, मुक्कामावर. फार पळालाही नव्हता. हवा दमट होती एवढंच. कुत्रं धापा टाकूनच अंग थंड करतं, आणि दमट हवेत ते साधत नाही. चपट्या नाकाच्यांची तर आणखी पंचाईत. बायकोच्या लक्षात आलं ते जिभेवरून. नेहमीपेक्षा रुंद, टोकाशी फावड्यासारखी पसरलेली, हिरड्या लालभडक, लाळ दोरीसारखी चिकट. हाक मारली तर मान वळवेना. थर्मामीटर 41 च्या वर. (कुत्र्याचं नेहमीचं तापमान 38.3 ते 39.2, म्हणजे आपल्याला ताप वाटेल तेवढं.) कॅनमधलं साधं पाणी अंगावर ओतत राहिलो, पोटावर, मांड्यांत, आणि समोर पंखा. ओला टॉवेल गुंडाळायचा नाही, तो उष्णता आतच कोंडतो. आधी थंड करायचं आणि मग डॉक्टरकडे पळायचं. वाटेतही खिडक्या उघड्या आणि अंग ओलं. डॉक्टरांनी रात्रभर ठेवून घेतला, कारण मूत्रपिंडाचा त्रास नंतरही उद्भवू शकतो. वाचला. आता थर्मामीटर ग्लव्ह कंपार्टमेंटमध्येच असतो.

रानवाट

बाप रे. दोनशेपट्या, आभार. एक विचारते, कुत्र्यांना चालत्या ट्रेलरमध्ये ठेवलं तर? आत जागा मोठी, म्हातारीला पाय पसरता येतील.

मागचंचाक

नाही. अजिबात नाही. मागच्या भागात बसणारे हादरे तुम्हाला पुढे कळत नाहीत, कपाटं उघडून भांडी खाली येतात, आणि आतलं तापमान तुमच्या एसीशी काही देणंघेणं ठेवत नाही. अपघात झाला तर विचारूच नका.

कुसळकाढे

+1. गाडीतच, बांधलेल्या पिंजऱ्यात किंवा सीटबेल्टला अडकवलेल्या हार्नेसमध्ये. गळपट्ट्याला कधीच नाही. तरण्याला गाडी लागत असेल तर निघायच्या आधी काही तास पोट रिकामं ठेवा, पाणी मात्र थोडं थोडं द्या.

मी मुक्कामाबद्दल लिहितो. आयडीवरून कळलंच असेल. उन्हाळ्यात गवत वाळलं की कुसळं सुटतात आणि ती एकाच दिशेने सरकतात, आत. बोटांच्या बेचक्यातून कातडीखाली, कानातून थेट पडद्यापर्यंत. कुत्रं अचानक एकाच बाजूला डोकं झटकायला लागलं किंवा एकच पंजा चाटत बसलं की समजायचं. बेचक्यातलं बाहेर दिसत असेल तर चिमट्याने निघतं, कानातलं डॉक्टरच काढतात. रोज संध्याकाळी एकेक पंजा मांडीवर घेऊन बोटं फाकवून बघणं हा आमचा कार्यक्रम असतो. त्यातच गोचीड शोधून होतात. चिमटा कातडीला अगदी टेकवून सरळ वर ओढायचा. तेल, रॉकेल, जळती काडी हे उद्योग करू नका.

तळं दिसलं की कुत्र्याला लगेच पाण्यात सोडायचं नाही. साचलेल्या कोमट पाण्यावर हिरवट-निळसर साय दिसली तर त्यातलं शेवाळ कुत्र्याला काही तासांत मारू शकतं, आणि पोहून आल्यावर अंग चाटलं तरी तेच विष पोटात जातं.

चालायच्या आधी हाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद टेकवा. तुम्हाला सोसवत नसेल तर त्यांनाही नाही. हवा 25 अंशांची असली तरी उन्हातलं डांबर 50 च्या आसपास जातं.

पावसाळीढग

आमची गोष्ट जरा वेगळी. आमचा कुत्रा गडगडाटाला घाबरतो. एका रात्री वीज कडाडली आणि तो जाळीचं दार फाडून पळाला. घराजवळ हरवलेलं कुत्रं निदान घराकडे वळतं. इथे घरच चार दिवसांपूर्वी दुसऱ्या गावात होतं, त्याने वळायचं कुठे? पुढच्या मुक्कामाचं आरक्षण सोडून दिलं आणि हललोच नाही. ट्रेलरपाशी त्याचं अंथरूण आणि माझा न धुतलेला शर्ट ठेवला. मुलं हाका मारत फिरत होती, त्यांना बसवलं, कारण बावरलेलं कुत्रं हाकांनी आणखी लांब जातं. तिसऱ्या दिवशी पहाटे लांबच्या एका तंबूवाल्यांचा फोन आला. पट्ट्यावर नंबर होता म्हणून. कातडीखाली ओळखीची चिप आहेच, पण चिप वाचायला यंत्र लागतं आणि तिच्यामागे नोंदवलेला नंबर चालू असावा लागतो. निघण्याआधी तो तपासा.

उंबरठा

मी नाही म्हणणाऱ्यांपैकी. दोन उन्हाळे नेलं, आता आमची कुत्री बहिणीकडे राहते. बऱ्याच राष्ट्रीय उद्यानांत कुत्र्यांना पायवाटांवर मनाई असते, मग एक जण डोंगरावर आणि एक जण ट्रेलरमध्ये. नवरा-बायको आळीपाळीने सुट्टी घेतायत असं वाटायचं. ती मात्र बहिणीकडे मजेत असते, आमच्याकडे परत यायला फारशी उत्सुक नसते.

दोनशेपट्या

उंबरठा, हे खरंय. आम्ही म्हणूनच उद्यानांच्या बाहेरची, कुत्र्यांना मोकळीक असलेली जंगलं निवडतो. नावाजलेल्या जागा हुकतात, हुकू देत.

रानवाट, तुमच्या म्हातारीसाठी: ट्रेलरच्या पायऱ्या जाळीच्या आणि मधे मोकळ्या असतात, अधू पाय त्यात अडकतो. पायऱ्यांवर गालिचा ताणून बांधा, किंवा उतरता फळा घ्या, पण लांब. आखूड घेतलात तर चढ इतका उभा होतो की ती पहिल्याच दिवशी नकार देईल. घरी अंगणात आतापासूनच सवय लावा. आत गुळगुळीत फरशी असेल तर दारापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत रबरी चटई टाका. दर दोन तासांनी थांबा, म्हातारं कुत्रं एका कुशीवर आखडतं. आणि रात्री शूला उठवणार हे धरून चाला, दाराशी टॉर्च आणि दोरी एकाच खिळ्याला.

रानवाट

फळ्याची लांबी किती ठेवलीत? आमच्या दाराची उंची जमिनीपासून साधारण 60 सेंटीमीटर आहे.

दोनशेपट्या

तेवढ्या उंचीला दोन मीटर तरी हवा. घडीचा मिळतो. वर वाळूच्या कागदासारखा खरखरीत पृष्ठभाग हवा, नुसता रबर ओला झाला की घसरतो.