मंडळाच्या पोरांना शिबिर हवंय की चावी?

परळचा_बाब्या: काल इथे कुणी लिहिलं, "कॅरम खेळून पोरं वाया जातात, मंडळांनी दर रविवारी व्यक्तिमत्त्व विकास शिबिर घ्यावं." घेतलंय ओ आम्ही! पाहुणे आले, प्रोजेक्टर आला. पहिल्या रविवारी तीस पोरं, तिसऱ्याला चार, त्यातली दोन वड्यासाठी थांबलेली. तीच पोरं गुरुपौर्णिमेपासून रोज रात्री दहीहंडीच्या थरांच्या सरावाला न बोलावता हजर. तिथे प्रत्येकाची जागा ठरलेली. एक नाही आला तर थर लागत नाही. शिबिरात कोण आला नाही, हे पाहुण्याला कळतसुद्धा नाही.

शिबिरवाला: मीच लिहिलं होतं. म्हणजे करिअर म्हणून हंडी फोडायची का?

माहीमची_मावशी: थरांचं कौतुक मला सांगू नका. भाचा पडला, मनगटात अजून प्लेट आहे. चौदाच्या आतली मुलं चढवायची नाहीत हे २०१७ ला हायकोर्टात ठरलं, तरी आमच्या गल्लीत वय विचारतं कोण?

परळचा_बाब्या: मावशी, वाईट वाटलं. पण मी हंडी लावा म्हटलंच नाही. पोरांना काम द्या म्हटलं.

नायगावकरीण: पोरांना! आणि आम्हाला रांगोळी, आरतीचं ताट. शाळेत कबड्डीत उजवा कोपरा मी सांभाळायचे. मंडळाच्या खोलीत कॅरमला गेले तर काका म्हणाले, "आई बोलावतेय." आई तेव्हा ऑफिसात होती.

जुना_खजिनदार: खोलीची चावी माझ्याकडे असते म्हणून माझ्यावर राग का? मागे दोन स्ट्रायकर गेले, पावडर भिंतीला फासली. ८२ च्या गिरणी संपात बाप घरी बसला, तेव्हा याच खोलीत जोर मारून मी मोठा झालो. साडेनऊला कुलूप लागणारच.

नायगावकरीण: काका, साडेनऊला आम्ही दादरला गाडी बदलत असतो! उघडी असते तेव्हा आम्ही नसतो, आम्ही येतो तेव्हा कुलूप. वर म्हणायचं, तरुण फिरकत नाहीत.

शिबिरवाला: विषय शिबिराचा होता.

परळचा_बाब्या: होता.

जुना_खजिनदार: बरं बाई. बुधवार-शनिवार अकरापर्यंत चावी तुझ्याकडे. लाइट बिल पण तुझ्याकडे.

नायगावकरीण: चालेल. स्ट्रायकर मात्र घरचा आणीन, तुमचा हिशोब नको.

माहीमची_मावशी: आणि अकरानंतर मुलींना घरी कोण सोडणार?